रोमच्या पाणपोया सहलपत्रिकेत का नाहीत?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

उन्हाळी सुटीत युरोपला जाणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी सहलींच्या जाहिराती आपल्या वृत्तपत्रात नेमाने प्रसिद्ध होतात, म्हणून हे पत्र आपल्याकडे पाठवीत आहे. गेल्या जूनमध्ये मी, माझे यजमान, ७२ वर्षांच्या सासूबाई आणि नऊ वर्षांचा मुलगा असे आम्ही चौघे अशाच एका सहलीबरोबर रोमला गेलो होतो. कार्यक्रमात एक दिवस मोकळा होता आणि आदल्या रात्री आयोजकांच्या प्रतिनिधीने सर्वांना बजावले, की रस्त्यावरच्या नळाचे पाणी कोणीही पिऊ नये, बाटलीबंद पाणीच विकत घ्यावे. ही सूचना साफ चुकीची होती आणि वडीलधारी माणसे व मुले बरोबर असलेल्यांना त्रासात टाकणारी होती, हे सांगण्यासाठीच हा पत्रप्रपंच.

सकाळी नऊला आम्ही कलोसियमला पोहोचलो. तिकिटांवर प्रत्येकाचे नाव असते आणि दारावर ते पारपत्राशी पडताळून पाहिले जाते, त्यामुळे आत जायला वेळ लागला. इ. स. ८० मध्ये टायटस सम्राटाने खुली केलेली, सुमारे ५० हजार माणसे बसू शकतील एवढी ही वास्तू पाहून होईपर्यंत ऊन चढले होते. तिथून फोरममध्ये, म्हणजे प्राचीन रोमच्या मुख्य चौकाच्या अवशेषांत उतरलो, तर सावली औषधालाही नाही आणि पायांखाली ओबडधोबड काळे दगड. स्वच्छतागृह कुठे सापडेल या धास्तीने सासूबाई प्रवासात आधीच पाणी बेताने पितात. त्यात विकतच्या दोन बाटल्या चौघांत पुरवायच्या, म्हणून त्यांनी ‘आधी बाळाला द्या’ म्हणत घोट घेणेच थांबवले होते. साडेअकराच्या सुमारास त्या एका पडक्या भिंतीच्या कडेला बसल्या आणि त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून आमचे धाबे दणाणले.

त्या वेळी जवळच्या नळावर एक स्थानिक आजी आपल्या नातवाला पाणी पाजत होत्या. आमची अवस्था त्यांनी ओळखली आणि हाताने खुणा करून आम्हाला बोलावले. कमरेच्या वर येणारा ओतीव लोखंडाचा राखाडी खांब, त्याला खाली वाकलेली तोटी आणि त्यातून अखंड वाहणारी धार. त्या आजींनी तोटीचे तोंड बोटाने दाबले, तसे तोटीच्या वरच्या बाजूच्या लहानशा भोकातून पाणी कारंज्यासारखे वर उसळले आणि वाकून तोंड लावण्याची गरजच उरली नाही. पाणी माठातल्यासारखे गार होते. सासूबाईंनी आधी डोळ्यांना लावले, मग पोटभर प्यायल्या आणि आपली तांब्याची बाटली काठोकाठ भरून घेतली.

या नळांना तिथे ‘नासोने’, म्हणजे मोठे नाक, असे म्हणतात. १८७४ पासून ते रस्त्यांवर बसवले गेले आणि आज शहरात असे सुमारे अडीच हजार नळ आहेत. घरोघरी जाते तेच पिण्याचे पाणी त्यांना येते आणि ते फुकट असते. एवढी मोठी सोय दोन-दोन पानी सहलपत्रिकेत एका ओळीनेही नमूद नसावी, याचे मला मनापासून वाईट वाटते.

त्यानंतर आमचा दिवस खरा सुरू झाला. पँथिऑन या प्राचीन रोमन मंदिराचा घुमट ४३ मीटरहून अधिक व्यासाचा, सळईविना काँक्रीटमध्ये उभा राहिलेला आणि माथ्यावर सुमारे नऊ मीटरचे उघडे छिद्र असलेला आहे. पाऊस सरळ आत पडतो आणि फरशीतल्या बारीक भोकांतून निघून जातो. मुलगा ती भोके मोजत बराच वेळ जमिनीवरच बसला. दर्शनी भागावर नाव आहे अग्रिपा या रोमन सेनानीचे. आजची वास्तू हेड्रियन सम्राटाच्या काळातली असली, तरी अग्रिपाची दुसरी कामगिरी अजून वाहते आहे. इ. स. पूर्व १९ मध्ये त्याने ‘अक्वा व्हिर्गो’ हा जलमार्ग शहरात आणला आणि पुढे डागडुजी होत आलेल्या त्याच मार्गाच्या पाण्यावर १७६२ मध्ये पूर्ण झालेले ट्रेव्ही कारंजे चालते. तिथे पाठमोरे उभे राहून नाणे टाकण्याची गोष्ट सगळेच सांगतात. परंतु तहानलेल्या सैनिकांना झरा दाखवणाऱ्या मुलीचे जे शिल्प त्याच कारंज्यावर कोरले आहे, ते आम्हाला आपण होऊन शोधावे लागले. त्या दुपारनंतर आम्हाला ती मुलगी परकी वाटली नाही.

संध्याकाळी स्पॅनिश पायऱ्यांवर गेलो. तिथे बसायला २०१९ पासून मनाई आहे, हेही वयस्कर प्रवाशांना आधी सांगायला हवे. पायथ्याशी अर्ध्या बुडालेल्या नावेच्या आकाराचे सतराव्या शतकातले कारंजे आहे. त्याच जुन्या जलमार्गाच्या पाण्याला इथे जोर कमी, म्हणून शिल्पकाराने कारंजे उंच न नेता रस्त्याच्या पातळीखाली बसवले. तिथेही लोक बाटल्या भरत होते.

अखंड धारेमुळे पाणी वाया जाते, असा आक्षेप घेतला जातो आणि त्यात तथ्य आहे. २०१७ च्या दुष्काळात तिथल्या प्रशासनाने काही नळ बंदही केले होते. तरीही रस्त्यावर चालणाऱ्या कोणालाही पाणी मिळालेच पाहिजे, ही त्यामागची भावना मला मोलाची वाटते. आम्ही पुणेकर आहोत. ट्रेव्हीचे काम चालू होते त्याच काळात नानासाहेब पेशव्यांनी कात्रजहून नळ आणून पेठांतले हौद भरले होते. सासूबाईंनी माहेरच्या वाड्यात ते पाणी वापरलेले आहे. त्या नळातली हवा बाहेर पडावी म्हणून वाटेत उभारलेल्या मनोऱ्यांना ‘उच्छ्वास’ म्हणतात, हे सासूबाई रोममध्ये आपल्या नातवाला समजावून सांगत होत्या.

माझी विनंती एवढीच आहे, की सहल आयोजकांनी ‘नळाचे पाणी पिऊ नका’ ही सरसकट सूचना बंद करावी, शहरागणिक खात्री करून योग्य माहिती द्यावी आणि रोमच्या कार्यक्रमपत्रिकेत ‘रिकामी बाटली जवळ ठेवावी’ ही ओळ छापावी. आपल्या पर्यटन पुरवणीनेही अशा शहरांतल्या पाणपोया, बसण्याच्या जागा आणि स्वच्छतागृहे यांची माहिती स्थळवर्णनाबरोबर द्यावी. त्या रात्री हॉटेलवर परतल्यावर आम्ही सहप्रवाशांना नळांबद्दल सांगितले, तेव्हा आमच्याच गटातल्या एका आजोबांनी विचारले, की हे आम्हाला पहिल्या दिवशी का नाही सांगितले?

आपली,
एक वाचक, पुणे