आवडीचं नाव मी इथे एका वासराला दिलंय

ल ग्रां-बोर्नां,
२७ जुलै २०२५

दिग्या,

तीन वर्षं आपलं बोलणं म्हणजे दिवाळीला पणतीचं चित्र आणि पाडव्याला गुढीचं. फोन तू ठेवलास, पण ठेवायला मीच लावला होता. तुझी आवडी गाय लम्पीने गेली त्या रात्री मी म्हणालो, "तीस हजार मिळतील सरकारकडून, दुसरी घे." ते वाक्य मला आजही जसंच्या तसं ऐकू येतं. तब्येत ठीक आहे, थंडीत गुडघा कुरकुरतो एवढंच. पत्र त्यासाठी नाही.

लम्पी इथे आलाय, दिग्या. आल्प्समध्ये! जूनच्या शेवटी शेजारच्या सावोआ जिल्ह्यात पहिली गाय निघाली. फ्रान्समध्ये हा रोग याआधी कधीच नव्हता. आणि इथला नियम असा, की एका गाईला निघाला तर गोठ्यातल्या सगळ्या मारायच्या. धडधाकट असल्या तरी, गाभण असल्या तरी. पैसे मिळतात. (बघ, पुन्हा पैसे.) परवा टूर द फ्रान्सचा टप्पा सेझीच्या खिंडीतून जायचा होता. तिथल्या एका कळपात लम्पी सापडला, तो कळप मारायचा म्हणून सायकलींचा रस्ताच बदलला. जवळपास १३० किलोमीटरचा टप्पा ९५ वर आला. टीव्हीवर त्याचीच चर्चा. आमच्या घरात मात्र कुणाच्या तोंडून शब्द फुटेना, कारण सेझी इथून सरळ रेषेत वीसएक किलोमीटरवर. गोमाशीला नाकाबंदी कोण करणार?

आमचं घर म्हणजे आजीचं. मी जिच्या माडीवर राहतो ती घरमालकीण, वय शहात्तर, मी मनात तिला आजीच म्हणतो. खाली गोठा, वर मी. हिवाळ्यात मी हॉटेलच्या भटारखान्यात आणि तिचा मुलगा स्कीच्या पाळण्यांवर कामाला. उन्हाळ्यात तो चाळीस गाई घेऊन वरच्या कुरणात राहतो. स्कीची उतरण आणि गाईचं कुरण, जमीन एकच. गाईंनी चरून गवत आखूड ठेवलं तर बर्फ धरून राहतं. उंच राहिलं तर आडवं पडतं आणि त्यावरून बर्फाचा थरच्या थर घसरतो. डिसेंबरात इथे बायथलॉनचा, म्हणजे स्की आणि नेमबाजीच्या शर्यतीचा, विश्वचषक आहे, त्याचे फलक आत्तापासून लागलेत. आजी त्यांच्याकडे बघतसुद्धा नाही.

गाई आबोंदांस जातीच्या. अंग तांबूस, तोंड पांढरं आणि डोळ्यांभोवती तांबडी वर्तुळं. चाळीस जणी चष्मा लावून बघतात तेव्हा कुलकर्णी बाईंचा तास आठवतो, तू बाकाखाली लपायचास तो! दूध काढलं की ते गार व्हायच्या आत चीज लावायचं, सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. रब्लोशों म्हणतात त्याला. शेतावरच केलेल्याला हिरवी चकती, डेअरीतल्याला तांबडी. त्याची गोष्ट तुला आवडेल. जुन्या काळी जमीनदार दुधाच्या मापावर खंड घ्यायचा. त्याचा माणूस यायचा तेव्हा ही मंडळी अर्धवटच पिळायची आणि त्याची पाठ वळली की पुन्हा बसायची. मागचं दूध साईचं, त्याचं हे चीज. आपल्याकडे गाय पान्हा चोरते, इथे गाईच्या मालकांनी चोरला. संकलन केंद्रावर फॅट कमी लावतात म्हणून तुझे अण्णा चिडायचे ना, त्यांना सांग.

आता मुद्द्याचं. सांगायची हिंमत होत नव्हती म्हणून लांबण लावली.

महिन्याच्या मध्यावर एका संध्याकाळी आजी गोठ्यात एका गाभण गाईच्या मानेवरून बोटं फिरवत होती. गाठ लागते का बघत होती. तू बघायचास तशीच, दाबून नाही, नुसती सरकवत. मला म्हणाली, "तुमच्याकडे हा रोग आहे म्हणतात. तुम्ही काय करता?" मी तुझं सांगितलं. तू गोठ्यातच झोपायचास, कडुलिंबाचा धूर करायचास, हळद लावायचास, काकू ज्वारीची पेज चमच्याने भरवायच्या. आणि बाकीच्या गाईंना कुणी हात लावला नाही, हे सांगितलं. ती म्हणाली, "मग? जगली?"

मी हो म्हणालो.

दिग्या, ती उंबऱ्यावर बसली आणि रडली. पुढे रोज विचारायला लागली, आता किती दूध देते, वेत कितवं. मी सांगत गेलो. गेल्या रविवारी ती गाय व्याली, कालवड झाली. इथे जनावराचं नाव त्या वर्षाच्या अक्षरावरून ठेवतात आणि यंदाचं अक्षर आहे 'ए', म्हणजे आपला 'अ' किंवा 'आ'. आजी म्हणाली, "तुझ्या मित्राच्या गाईचं नाव काय?"

कालवडीचं नाव आवडी आहे. कागदावर लागलं.

तुझ्या मेलेल्या गाईला मी तुला न विचारता जिवंत केली, आणि तीन वर्षांपूर्वी जिवंत माणसाशी नीट दोन शब्द बोललो नाही. यासाठी काय म्हणायचं ते मला येत नाही. तेव्हा मला वाटलं होतं जनावर गेलं. आता रात्री वरच्या कुरणातून गाईंच्या गळ्यातल्या घंटेचा आवाज आला की मी मोजत बसतो.

कळपाला लस टोचून आठ दिवस झाले. ती लागू पडेपर्यंत एकवीस दिवस काढायचे म्हणतात.

श्रुतीच्या दहावीचं काय झालं? शेततळ्याचा कागद आला का? वहिनींची पाठ? काकूंना नमस्कार, आणि अण्णांना.

आजीने आवडीचा फोटो मागितलाय. वसुबारसेचा तो आहे ना तुझ्याकडे, कपाळावर कुंकू आणि पाडसाने तोंड खुपसलेलं? तो पाठवशील? की मी तिला खरं सांगू? गाय तुझी आहे, तू म्हणशील तसं करतो.

तुझा,
अव्या