पाडव्यापर्यंत एकच संकल्प

सातारा, २८ डिसेंबर २०२५

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

फोनवर वाचून दाखवलीस ती नव्या वर्षाची यादी मी लिहून घेतली होती. शांत राहायचं, चिडायचं नाही, फार विचार करायचा नाही, ध्यान, डायरी, व्यायाम. पहिल्या तीन गोष्टी खोडून टाक. शांत वाटणं आपल्या हातात नसतं. ज्या दिवशी वाटणार नाही, त्या दिवशी तू स्वतःलाच नापास करशील आणि आणखी चिडशील. संकल्प असा हवा, की रात्री विचारलं तर ‘केलं’ किंवा ‘नाही केलं’ एवढंच उत्तर यावं.

आणि सुरुवात झोपेपासून कर, जी तुझ्या यादीत नव्हतीच. ती बिघडलेली असताना ध्यानाला बसलीस तर डुलक्याच काढशील. झोपायची वेळ ठरवू नकोस, उठायची ठरव. झोप हुकमाने येत नाही, उठता मात्र येतं. साडेसहा म्हणजे रविवारीसुद्धा साडेसहा, फार तर सात. रविवारी दहाला उठलं की रात्री लवकर डोळा लागत नाही आणि सोमवारचं पहिलं लेक्चर बुडतं. जानेवारीत सूर्य सातनंतर उगवतो, तेव्हा आवरून बाहेर पड. तिथे सांगलीत कृष्णेच्या घाटापर्यंत जा नाहीतर आयर्विन पुलाकडे, पण वीस मिनिटं उघड्यावर चाल. सकाळच्या उजेडाने शरीराचं घड्याळ लागतं, रात्री झोप वेळेवर येते. व्यायामाचंही यातच भागलं.

चहा चारनंतर बंद. त्यातलं कॅफीन निम्मं उतरायलाच साधारण पाच-सहा तास लागतात, म्हणजे मेसमधला सहाचा चहा अकरा वाजताही निम्मा अंगात असतो. फोन खोलीच्या दुसऱ्या टोकाला चार्जिंगला लाव. उशाशी ठेवून ‘बघणार नाही’ म्हणणं म्हणजे मांजराला दुधावर राखण ठेवणं.

एवढं संक्रांतीपर्यंत. जमलं, तर मगच श्वास घे हाती. दात घासले की लगेच, खुर्चीत ताठ बसून. रोजच्या कामाला जोडलं की वेगळी आठवण ठेवावी लागत नाही. नाकाने चार आकडे मोजत आत, सहा मोजत बाहेर. दहा सेकंदांचा एक श्वास, पाच मिनिटांत तीस. श्वास सोडणं लांबवलं की हृदयाची गती जरा मंदावते, सगळा उपयोग त्यातच आहे. बहुतेकांची चूक होते ती जोर लावून छाती भरण्यात. मग रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात. तसं झालं तर थांब, नेहमीसारखा श्वास घे आणि नंतर तीन-चारच्या मोजणीने कर. मन भटकेलच. आकडा चुकला की पुन्हा एकपासून, इतकंच.

डायरी पानभर नको. तीन ओळी पुरेत: डोक्यात काय घोळतंय, त्यातलं उद्या काय करता येईल, ते किती वाजता. पण अंथरुणात बसून लिहू नकोस, जेवण झाल्या झाल्या लिही.

एकवीस दिवसांत सवय लागते असं तुझ्या मैत्रिणी म्हणतात, त्यावर विसंबू नकोस. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर अभ्यास केला. सवय अंगवळणी पडायला मध्यम मानाने ६६ दिवस लागले, कुणाला १८ तर कुणाला २५४. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही, असंही त्यात दिसलं. पाडवा १९ मार्चला आहे, म्हणजे १ जानेवारीपासून ७८ दिवस. आपल्याला दोन नवी वर्षं मिळतात, तर पहिलं तालमीला वापर! कॅलेंडरवर फुली मार. चुकलेल्या दिवशी काही लिहू नकोस, फक्त लागोपाठ दोन घरं रिकामी राहू देऊ नकोस. परीक्षेच्या आठवड्यात चालणं दहा मिनिटांवर आण, पण उठायची वेळ हलवू नकोस.

दोन आठवडे झोप-भूक उडाली, कशातच मन लागेना असं झालं, तर तो संकल्पाचा विषय नाही. मला सांग, डॉक्टरांकडे जाऊ. रात्री-अपरात्री बोलावंसं वाटलं तर टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास फुकट चालतो, मराठीतही बोलतात.

एसटीच्या पार्सलने गजराचं घड्याळ पाठवतेय, म्हणजे फोन जवळ ठेवायला निमित्त उरणार नाही. सेल काढून वेगळा गुंडाळलाय, डब्याच्या तळाशी बघ. वरचे कंदी पेढे मैत्रिणींनाही दे.

तुझी आई