ब्लेझ बेलीची पट्टी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत हेवी मेटलवर अख्खं पान आलं, ते पाहून आधी आनंद झाला. आपल्याकडे या संगीताला अर्धा रकानाही मिळत नाही. पण लेखातल्या 'आयर्न मेडन' या ब्रिटिश मेटल बँडवरच्या परिच्छेदाशी येऊन चहा गार झाला. 'गायक ब्रूस डिकिन्सन गेला, ब्लेझ बेली नावाचा चुकीचा माणूस आणला, १९९५ चा 'द एक्स फॅक्टर' हा अल्बम पडला आणि ब्रूस परतल्यावर त्या काळावर कायमचा पडदा पडला', असं लेखकाने चार ओळींत उरकलं आहे. इंटरनेटवर हे वाक्य थोड्याफार फरकाने सगळीकडे सापडतं. मला त्यातलं निम्मंच पटतं, म्हणून हा पत्रप्रपंच.

मी 'द एक्स फॅक्टर' पहिल्यांदा ऐकला तो मित्राने कॉपी करून दिलेल्या साठ मिनिटांच्या कोऱ्या कॅसेटवर. ए बाजूला चार गाणी, बी बाजूला पाच. चौथं संपलं की जेमतेम दोन मिनिटं खरखर आणि मग खटका. कितीतरी वर्षं मी हा नऊ गाण्यांचा अल्बम आहे असंच धरून चाललो होतो. पुढे सीडी हातात आली तेव्हा कळलं की अल्बम एकाहत्तर मिनिटांच्या आसपासचा आणि गाणी अकरा. शेवटची दोन, 'टू ए. एम.' आणि 'द अनबिलीव्हर', कॅसेटमध्ये बसली नाहीत म्हणून मित्राने सरळ सोडून दिली होती. बिचाऱ्याने सांगितलंही नाही.

त्या कॅसेटची सुरुवात अजून कानात आहे. प्ले दाबलं की गिटारच नाही. लांबून चर्चमधल्या साधूंचं सामूहिक पठण येतं. मग बँडचा संस्थापक स्टीव्ह हॅरिस याची बास गिटार, दबकत, आणि त्यावर ब्लेझचा आवाज, अगदी खाली, जवळजवळ पुटपुटल्यासारखा. पहिली काही मिनिटं आपण आवाज वाढवत राहतो आणि बँड अंगावर आला की धावत जाऊन कमी करतो. 'साइन ऑफ द क्रॉस' हे गाणं अकरा मिनिटांच्या वर आहे. नवा गायक आणून त्याची ओळख अशा गाण्याने करून द्यायला छाती लागते.

लेखात हे कुठेच नाही. हॅरिसचा संसार त्याच सुमारास मोडला होता आणि एसेक्समधल्या त्याच्या स्वतःच्या स्टुडिओत हा अल्बम तयार झाला. युद्धातून परतलेले, श्रद्धा हरवलेले, रात्री दोन वाजता एकटे बसलेले लोक गाण्यागाण्यात भेटतात. हे सगळं ब्रूसच्या आभाळाला भिडणाऱ्या गळ्यात कसं वाटलं असतं? बर्मिंगहॅमच्या ब्लेझचा आवाज जड, खालच्या सप्तकात रमणारा. या गाण्यांना तो शोभतो, आणि 'द एज ऑफ डार्कनेस'सारख्या काही गाण्यांच्या लेखनात त्याचा स्वतःचा हातही आहे.

मग बिनसलं कुठे? माझे वडील भजनी मंडळात पेटी वाजवायचे. या संगीताला ते 'पत्र्याच्या शेडवरचा पाऊस' म्हणत. एकदा मी त्या काळातल्या कुठल्याशा कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग लावलं होतं, त्यात ब्लेझ जुनी, ब्रूसची गाणी म्हणत होता. अण्णा पेपर वाचत होते. मान वर न करता म्हणाले, "अरे, याला दोन पट्ट्या खाली घ्या म्हणावं. गळा चांगला आहे, उगाच ताणतोय."

संपादक महोदय, अण्णांना एकाही शब्दाचा अर्थ कळला नव्हता, पण दुखणं त्यांनी बरोबर पकडलं. मेडनने जुनी गाणी मूळ पट्टीतच ठेवली. 'द ट्रूपर', 'हॅलोड बी दाय नेम' ही सगळी ब्रूसच्या गळ्याच्या मापाने शिवलेली. तीच ब्लेझला घालायला दिली. आपल्याकडे तीच नाट्यपदं गेली शंभर वर्षं वेगवेगळे नट गात आले आहेत, पण प्रत्येकजण आपापल्या पट्टीत, आणि ऑर्गनवाला निमूटपणे ती पट्टी धरतो. गिटारच्या तारा अर्ध्या सुराने उतरवून ठेवणं ही मेटलमध्येही काही नवलाची गोष्ट नाही, कितीतरी बँड ते करतात. इथे मात्र गायकाने बँडच्या पट्टीत यायचं ठरलं. पुढे गळ्याच्या त्रासाने काही कार्यक्रम रद्द झाले आणि दोष कोणाच्या माथी गेला हे सांगायला नको.

रेकॉर्डवरचा ब्लेझ आणि मंचावरचा ब्लेझ लेखकाने एकाच दोरीने बांधला, माझी तक्रार आहे ती एवढीच.

अल्बमात खोट नाही असं मला म्हणायचं नाही. ध्वनिमुद्रण कोरडं आहे. ड्रम पुठ्ठ्यावर वाजवल्यासारखे ऐकू येतात आणि गायकाचा आवाज इतका उघडा ठेवलाय की एखादा सूर जरा हलला तरी कळतो. मधली दोन-तीन गाणी एकाच चालीने, म्हणजे हळू सुरुवात आणि मग दौड, अशी जातात. १९९८ च्या 'व्हर्च्युअल इलेव्हन'ची बाजू तर मी घेणारच नाही. त्यातल्या एका गाण्यात एकच ओळ इतक्यांदा येते की आमच्या घरी कुणी तेच तेच बोलू लागलं की अजून त्या गाण्याचं नाव घेतात. इंग्लंडच्या अल्बम-खपाच्या यादीत ब्रूसच्या आवाजातला १९९२ चा अल्बम पहिल्या क्रमांकावर होता, 'एक्स फॅक्टर' आठव्यावर आला आणि 'व्हर्च्युअल इलेव्हन' त्याच्याही खाली सोळाव्यावर. घसरण झाली, हे खरंच आहे.

पण 'गायक बदलला की बँड संपतो' हा लेखाचा सूर याच बँडला लागू होत नाही. ब्रूस स्वतः १९८१ मध्ये पॉल डिॲनोच्या जागी आलेला. त्याच्या आवाजातला पहिलाच अल्बम, 'द नंबर ऑफ द बीस्ट', १९८२ मध्ये इंग्लंडात पहिल्या क्रमांकावर गेला. गायक ऑझी ऑस्बोर्नला काढल्यावर ब्लॅक सबाथ या बँडने १९८० मध्ये रॉनी जेम्स डिओला घेऊन 'हेवन अँड हेल' केला, तो आज कोण नाकारतो?

आणि 'कायमचा पडदा' हे तर साफ चूक आहे. ब्रूस १९९९ मध्ये परतला. २००१ च्या जानेवारीत रिओच्या त्या अफाट गर्दीपुढे त्याने 'साइन ऑफ द क्रॉस' आणि 'द क्लॅन्समन' ही दोन्ही ब्लेझच्या काळातली गाणी म्हटली. त्याचं ध्वनिमुद्रण बाजारात आहे, लेखकाने जरूर ऐकावं. २०१८ च्या दौऱ्यात तीच दोन गाणी पुन्हा होती. २००८ च्या १ फेब्रुवारीला मेडन मुंबईत आले (विमानही ब्रूसच चालवत होता, ते वेगळंच कौतुक), तेव्हा वांद्रे-कुर्ला संकुलाच्या मैदानात मी 'साइन ऑफ द क्रॉस'साठी ओरडून घसा बसवून घेतला. त्या दौऱ्यात जवळजवळ सगळी ऐंशीच्या दशकातली गाणी होती, त्यामुळे उपयोग झाला नाही. शेजारी उभा असलेला कॉलेजातला मुलगा मात्र माझ्याकडे वळून म्हणाला, "काका, ते ब्लेझचं ना?"

लेखातली ती ओळ दुरुस्त करावी, ही विनंती. आणि पुढच्या खेपेला जागा असेल तर त्या शेवटच्या दोन गाण्यांवरही लिहून घ्या. माझी ती कितीतरी वर्षं ऐकायची राहिली होती.

आपला,
एक जुना वाचक, डोंबिवली (पूर्व)