चांदी ईटीएफचा प्रीमियम कुणाच्या खिशात गेला? अर्थमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. केंद्रीय अर्थमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

दि. 30 ऑक्टोबर 2025

महोदया,

सादर नमस्कार. आपली दिवाळी आनंदात गेली असेल अशी आशा आहे. आमची गेली नाही, आणि त्याचं कारण आपल्या अखत्यारीतलं आहे म्हणून लिहिते.

मी हुपरीची. आमच्या गावात घराघरांत चांदीकाम चालतं, माझ्या सासरी पैंजण होतात. वर्षाच्या सुरुवातीला किलोला नव्वद हजारांच्या आसपास असलेली चांदी दिवाळीच्या तोंडावर पावणेदोन लाखांच्या पलीकडे गेली. गिऱ्हाईक आटलं, कामासाठी चांदी उचलायला भांडवल पुरेना. बँकेतली ठेव नुकतीच मोडली होती, त्यातले अडीच लाख मी 10 ऑक्टोबरला चांदीच्या ईटीएफमध्ये घातले. हा चांदी साठवणारा फंड, त्याची युनिटं शेअरसारखी बाजारात मिळतात. धातू घ्यावा तर 3 टक्के जीएसटी, वर घरात ठेवायची धास्ती. ईटीएफ स्वस्त, सुरक्षित आणि पारदर्शक, हे आम्हाला रोज ऐकवलं जातं. म्युच्युअल फंड सही आहे, हे तर लहान पोरांनाही पाठ झालंय.

त्या दिवसांत या युनिटचा बाजारातला भाव आणि त्यामागच्या चांदीची किंमत यांत जवळपास 10 टक्क्यांचा फरक होता. या जादा रकमेला प्रीमियम म्हणतात. म्हणजे मी शंभर रुपये मोजले आणि पदरात पडली नव्वद-एक्क्याण्णव रुपयांची चांदी. खरेदीच्या पानावर यातलं काहीही नव्हतं. भाव, नग, आणि हिरवं बटण.

आता महोदया, हे नीट वाचा. त्याच सुमारास काही फंड घराण्यांनी आपल्या चांदी फंड-ऑफ-फंडमध्ये, म्हणजे जमा पैशांतून चांदी ईटीएफच घेणाऱ्या फंडात, एकरकमी पैसे घेणं थांबवलं. कारण जाहीर सांगितलं की ईटीएफ फार प्रीमियमवर आहे, या भावात घेणं गुंतवणूकदाराच्या हिताचं नाही. बरोबर केलं. मग तोच ईटीएफ, त्याच भावात, शेअर बाजारात माझ्यासारखीला विकला जात होता तेव्हा माझं हित कुठे गेलं होतं? जे दार जाणकारांनी बंद केलं त्याला लागूनच दुसरं दार सताड उघडं होतं, आणि त्यावर साधी पाटी नव्हती.

चांदीला जगभर ओढ लागली होती, लंडनमध्ये माल मिळेना, हे मला कळतं. ईटीएफची नवी युनिटं काढायला 30 किलोच्या विटा लागतात. त्या दरात एक वीट अर्ध्या कोटीच्या घरात. विटा नाहीत म्हणून नवी युनिटं नाहीत, म्हणून आहेत त्यांचा भाव फुगला. पण असे प्रसंग येतात म्हणूनच प्रत्येक ईटीएफला किमान दोन मार्केट मेकर, म्हणजे सतत खरेदी-विक्री करून भाव ताळ्यावर ठेवणारे, नेमायला लावलेत ना? आणि थेट फंडाकडून युनिट घ्यायचं तर व्यवहार 25 कोटींच्या वरचा हवा. हुपरीत पंचवीस कोटी कुणाच्या कपाटात असतात, ते आपल्या अधिकाऱ्यांनी येऊन बघावं.

नियमांत आणखी एक गंमत नसलेली गोष्ट सापडली. ईटीएफ सलग 7 दिवस एनएव्हीपेक्षा, म्हणजे युनिटमागच्या चांदीच्या किमतीपेक्षा, 1 टक्क्याहून जास्त खाली बंद झाला, तर छोट्या माणसालाही थेट फंडाकडे जाऊन पैसे सोडवता येतात. चांगला नियम आहे. पण 10 टक्के वर गेला तर? त्याला काहीच नाही. विकताना लुबाडलं जाऊ नये म्हणून कायदा, घेताना लुबाडलं गेलं तर नशीब!

पुढचं आपल्याला ठाऊक आहे. 21 ऑक्टोबरला मुहूर्ताचे सौदे झाले, त्याच रात्री परदेशात चांदी कोसळली, दुसऱ्या दिवशी बलिप्रतिपदेची सुट्टी. पाडव्याला ओवाळणीचं ताट हातात आणि डोक्यात उद्या काय होणार एवढंच. आज माझे छत्तीस हजार गेलेले दिसतात. त्यातले तेरा-चौदा हजार चांदी उतरली म्हणून गेले, त्याबद्दल माझी एका शब्दाची तक्रार नाही. चांदीच्या घरात नांदले आहे, दर चढतो तसा पडतो. उरलेले बावीस-तेवीस हजार मात्र चांदीचे नव्हतेच, विरून गेलेल्या प्रीमियमचे होते. ते हवेचे घेतले माझ्याकडून. एवढ्या पैशांत आमच्या घरची कितीतरी महिन्यांची मजुरी होते. डोळे दुखेपर्यंत कड्या जुळवून मिळणारी मजुरी.

ब्रोकरच्या ग्राहक सेवेला फोन केला. पोरगा म्हणाला, "मॅडम, मार्केट डिमांड-सप्लायवर चालतं." लेखी तक्रार केली तर इंग्रजीत उत्तर आलं की जोखमीची कागदपत्रं आपण वाचलेली आहेत. आमच्या सराफाच्या काट्यावर वैधमापन खात्याचा शिक्का नसला तर त्याला दंड होतो. टंच काढून दाखवल्याशिवाय इथे कुणी चांदी देत-घेत नाही. आणि देशभरातले लोक ज्या ॲपवर कोट्यवधींची चांदी घेतात, तिथे युनिटमागच्या चांदीचा त्या क्षणाचा भाव खरेदीच्या पानावर दाखवायची सक्ती नसावी? तो भाव, ज्याला आयएनएव्ही म्हणतात, फंडाच्या संकेतस्थळावर असतो म्हणे. असेल. सराफाने दरफलक माळ्यावर ठेवला तर चालेल का?

आणि हे फक्त चांदीचं नाही. डीमॅट खाती 20 कोटींवर गेली म्हणून अभिमानाने सांगितलं जातं. आपल्याच बाजार नियामकाचा, सेबीचा, अभ्यास सांगतो की 2024-25 मध्ये फ्युचर्स-ऑप्शन्समधल्या 91 टक्के लोकांनी पैसे घालवले, एकूण एक लाख कोटींहून जास्त. सुवर्ण रोखे होते, अडीच टक्के व्याज होतं, सरकारची हमी होती. फेब्रुवारी 2024 नंतर त्याचा नवा हप्ताच काढला नाही. ठेवीचं व्याज उतरत चाललंय. म्हणजे सामान्य माणसाला सगळीकडून बाजाराकडे ढकलायचं, केवायसी पुन्हा पुन्हा मागायची, वारस नोंदवला नाही तर तगादा लावायचा, आणि त्याच माणसाला दिवसाढवळ्या 10 टक्के जास्त लावले गेले की म्हणायचं, तुम्ही वाचायला हवं होतं. शिस्त सगळी आमच्यासाठीच आहे का?

माझं मागणं मोठं नाही. खरेदीच्या पानावर भावाशेजारी आयएनएव्ही आणि दोन्हींतला फरक टक्क्यांत, मराठीतसुद्धा, दाखवणं सक्तीचं करा. फरक 2 टक्क्यांवर गेला की बटण दाबण्याआधी लाल अक्षरांत सूचना द्या. डिस्काउंटला, म्हणजे भाव एनएव्हीच्या खाली गेला तर, जसा नियम आहे तसा प्रीमियमलाही करा.

आणि शेवटचं. मी त्या दिवशी घेतलं, म्हणजे कुणीतरी विकलं. माझ्यासारखीच कुणी बाई होती, की मोठ्या संस्था होत्या, की भाव ताळ्यावर ठेवायला नेमलेले मार्केट मेकरच होते? एक्सचेंजकडे प्रत्येक सौद्याची नोंद असते. नावं नकोत. 8 ते 17 ऑक्टोबर या दिवसांत चांदी ईटीएफ प्रीमियमवर कुणी किती विकले, वर्गवार आकडे जाहीर करायला सांगा.

आपली,
एक गुंतवणूकदार
हुपरी, ता. हातकणंगले, जि. कोल्हापूर