मेगावॉटसोबत युनिटही छापा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

वीजप्रकल्पाची बातमी देताना मेगावॉटचा, म्हणजे केंद्र एका वेळी जास्तीत जास्त किती वीज देऊ शकते त्या क्षमतेचा, आकडा ठळक छापला जातो. वर्षाकाठी त्या केंद्रातून प्रत्यक्ष किती युनिट वीज बाहेर पडली, हे मात्र बहुधा वाचायला मिळत नाही. मी राहतो त्या कॅलिफोर्नियातील सांता क्लारा शहराच्या वीजकेंद्राकडे पाहताना ही उणीव मला विशेष जाणवते.

येथील वीजसेवा १८९६पासून शहराच्याच मालकीची असून ‘सिलिकॉन व्हॅली पॉवर’ हे तिचे आजचे नाव आहे. नैसर्गिक वायूवर चालणारे १४७ मेगावॉटचे डोनाल्ड व्हॉन रेसफेल्ड केंद्र तिने २००५मध्ये सुरू केले. त्यातील गॅस टर्बाइनमधून निघणारे तप्त वायू धुराड्यात न सोडता त्यांच्या उष्णतेवर वाफ केली जाते आणि त्या वाफेवर आणखी एक टर्बाइन फिरते, त्यामुळे तेवढ्याच इंधनात वीज अधिक मिळते. हे केंद्र वर्षभर अखंड आणि पूर्ण क्षमतेने चालले तर सुमारे १२९ कोटी युनिट होतील. पण हा हिशेब कागदावरचाच. देखभालीसाठी यंत्रे थांबवावी लागतात, हवा तापून विरळ झाली की गॅस टर्बाइनचा जोर कमी होतो (आणि एसीची मागणी नेमकी तेव्हाच चढलेली असते!), शिवाय कॅलिफोर्नियात भर दुपारी सौरवीज इतकी मुबलक असते की वायू जाळणे अनेकदा परवडत नाही. सूर्य मावळताच ती वीज झपाट्याने ओसरते आणि मग हाकेसरशी चालू होणाऱ्या अशा केंद्राची किंमत कळते. तेव्हा युनिट कमी निघाले म्हणजे केंद्र निरुपयोगी ठरले, असेही नाही. ते कमी का निघाले, हे कळले पाहिजे.

येथील डेटा सेंटरांमुळे शहराची मागणी ५०० मेगावॉटच्या पुढे गेली आहे, म्हणजे हे केंद्र एकट्याने शहराला पुरे पडणे शक्यच नाही. उरलेली वीज जल, पवन, भूऔष्णिक आदी स्रोतांतून येते. शेजारच्या खासगी कंपनीपेक्षा आमचे दर बरेच कमी आहेत, पण त्याचे सगळे श्रेय या केंद्राला देणे भाबडेपणाचे होईल.

क्षमता आणि प्रत्यक्ष वीज यांतला हा फरक महाराष्ट्राला नवा नाही. दाभोळच्या प्रकल्पाची क्षमता १,९६७ मेगावॉट, पण कृष्णा-गोदावरी खोऱ्यातील वायू मिळेनासा झाल्यावर २०१३मध्ये तो ठप्प झाला. क्षमता होती तेवढीच राहिली, वीज तेवढी नव्हती. मुंबईची ‘बेस्ट’ही १९४७पासून महापालिकेची आहे, मात्र ती वीज विकत घेऊन पुरवते. उद्या एखाद्या महापालिकेने स्वतःचे वायुकेंद्र उभारायचे ठरवले, तर त्या बातमीत मेगावॉटच्या शेजारी वर्षभरात अपेक्षित असलेले युनिट, वायू कोणाकडून आणि किती वर्षांच्या कराराने येणार, आणि यंत्रे बंद असताना कर्जाचा हप्ता कोणाच्या बिलातून जाणार, एवढे आपण आवर्जून छापावे, अशी विनंती आहे.

आपला,
एक वाचक, सांता क्लारा, कॅलिफोर्निया