डिलाईल रोडच्या मावशींना

ती. मावशी,
साष्टांग नमस्कार.

खानावळ बंद करून तुम्ही गावी चाललात, हे मला जिन्यात कळलं. तोंडावर आभार मानायला आले असते तर "गप जेव" म्हणून तुम्ही वाटीत आमटी ओतली असती. म्हणून चारचौघांसमोर लिहिते आहे.

लातूरहून मुंबईला आले तेव्हा पहिल्या पगाराला महिना होता. दलालाने डिपॉझिट काढून घेतलं आणि भागाचं नाव सांगितलं 'अप्पर वरळी'. तुम्ही राहायला कुठे म्हणून विचारलंत, मी तेच सांगितलं. लाटणं थांबवून तुम्ही म्हणालात, "वरळी तिकडं समुद्राला. तिच्या वर आणि ही कुठनं आली? डिलाईल रोड म्हण." मग एक रुपया आगाऊ न घेता वहीत माझं नाव घातलंत. मी मेंबर झाले.

रस्त्याच्या पाटीवर ना. म. जोशी मार्ग, स्टेशनवर लोअर परळ, दलालाच्या तोंडी आणखी तिसरंच. तुमच्याकडे जेवायला येणारे म्हातारे मात्र 'डिलाईल रोड'च म्हणायचे, आणि त्या नावामागे काय काय होतं ते मला पंगतीत बसून कळत गेलं. कोकणातून, घाटावरून कापड गिरण्यांत कामाला आलेले गडी एका खोलीत पाळीपाळीने झोपायचे. एक भोंग्याला उठून गेला की रात्रपाळीवाला त्याच जागी आडवा. स्वयंपाकाला ना जागा, ना बाई. म्हणून तुमच्या सासूबाईंची खानावळ. माझ्या ऑफिसची काचेची इमारत जिथे आहे तिथे गिरणीचं साचेखातं, म्हणजे कापड विणायचं खातं होतं आणि त्यात तुमचे यजमान राबले, हे तुम्ही भाजी वाढता वाढता सांगितलंत. दुसऱ्या दिवशी लिफ्टमधून चौदाव्या मजल्यावर जाताना मला उगीच चोरी केल्यासारखं वाटलं.

एकदा तुम्हाला फिनिक्स दाखवायला नेलं. दाखवायला! तुम्हाला! गिरणी गेली, तिची चिमणी तेवढी मॉलच्या आवारात राखली आहे. पोरं फोटो काढत होती. तुम्ही वर बघून एवढंच म्हणालात, "धूर नाही म्हणून चकचकीत दिसते."

रविवारी रात्री चूल बंद, हा तुमचा नियम. मी कुरकुरले तेव्हा पंगतीतल्या एका आजोबांनी सुनावलं, की नारायण मेघाजी लोखंडे झगडले तेव्हा 1890 साली गिरणी कामगाराला ही सुट्टी मिळाली. माझा रविवार लॅपटॉप खातो, हे त्यांना सांगायची हिंमत झाली नाही.

पण सगळ्यात मोठे आभार त्या जुन्या वहीचे. 18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंतांच्या हाकेवर सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, हे मी वाचलं होतं. तुमच्या वहीत तो संप जेवणाच्या हिशेबात होता. फेब्रुवारी उधार, मार्च उधार. पुढे काही नावांसमोर नुसतं 'गावी गेला'. मी विचारलं, एवढ्या वर्षांत ही नावं खोडली का नाहीत? तुम्ही म्हणालात, "संप कुठं कुणी मागं घेतलाय अजून?" आणि ताक आणायला उठलात. संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही, हे मी नंतर शोधून पाहिलं.

माझ्या आईचा मागच्या आठवड्यात फोन आला, पार्सल पाठवायचं होतं, पत्ता सांग म्हणाली. मी डिलाईल रोड सांगितलं. पार्सल बरोबर आलं. शेंगदाण्याची चटणी आहे, तुमचा वाटा काढून ठेवलाय, शनिवारी घेऊन येते.

आणि ती वही गावी नेणार असाल तर दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळा. कोकणातल्या पावसात कागद टिकत नाही.

तुमची,
खिडकीजवळच्या पाटावरची मेंबर