यादीवर भांडण, वाचनाचं काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेतल्या सरकारी शाळांमध्ये विविधतेच्या नावाखाली इतिहास आणि इंग्रजीचा अभ्यासक्रम पातळ केला जातोय, अशा आशयाचं एका वाचकाचं पत्र आपल्याकडे प्रसिद्ध झालं. माझी मुलगी कॅलिफोर्नियातल्या अशाच एका शाळेत दहावीत आहे, मुलगा सहावीत. पत्रलेखकाची काळजी मला समजते. त्यांनी आरोपी मात्र चुकीचा धरला आहे.

आमच्या स्कूल बोर्डाच्या, म्हणजे इथल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या मंडळाच्या, बैठकीत हाच वाद रंगला होता. तिथे बोलायचं तर आधी चिठ्ठी भरून द्यावी लागते. नाव पुकारलं की माइकसमोर दोन मिनिटं, लाल दिवा लागला की वाक्य असेल तिथे तोडायचं. विषयपत्रिकेवर एकाच कलमात दोन गोष्टी कोंबल्या होत्या: नववीचा ऑनर्स इंग्रजीचा, म्हणजे वरच्या पातळीचं शिकवणारा, वेगळा वर्ग बंद करायचा, आणि वाचनाच्या यादीत काही नवे लेखक घ्यायचे. दोन्हींचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. पण एकत्र आल्यामुळे निम्मे पालक शेक्सपियर वाचवायला उभे राहिले, निम्मे वंशभेदाविरुद्ध. देसी पालक दोन्हीकडे होते, आणि आवाजात कुणीही कमी नव्हतं.

ऑनर्सबद्दल माझं मत सरळ आहे: बंद करू नये. लॉस एंजेलिसजवळच्या कल्व्हर सिटीत असे वर्ग बंद झाले तेव्हा त्यावर देशभर चर्चा झाली. हेतू चांगला होता, या वर्गांत कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुलं कमी दिसत होती. मग त्या मुलांना आठवीपासून तयार करून तिथे आणा. वर्गच मोडला की ज्यांना घरी शिकवणी परवडते त्यांचं काही बिघडत नाही.

लेखकांच्या यादीचं प्रकरण वेगळं. फ्रेडरिक डग्लस गुलामगिरीतून निसटलेला माणूस. 5 जुलै 1852 रोजी रॉचेस्टरमध्ये त्याने अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनावर भाषण केलं. हे भाषण यादीत आलं म्हणजे दर्जा घसरला असं म्हणणाऱ्यांनी त्याची दोन पानं चौदा वर्षांच्या मुलासमोर ठेवून बघावीत. सुरुवातीला तो राष्ट्र उभारणाऱ्यांचं मनापासून कौतुक करतो आणि हळूहळू सगळ्या सभेला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करतो. माझ्या मुलीला हे वळण नेमकं कुठे येतं ते शोधून, पुराव्यासकट लिहायचं होतं. तिने एक परिच्छेद धरला, बाईंनी समासात लिहिलं, ‘याच्या आधीच सुरू झालंय, परत वाच’. ती चिडली, पण परत वाचायला बसली. तसाच 1944 चा कोरेमात्सु खटला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबलं, तेव्हा ओकलंडमध्ये जन्मलेल्या अशाच एका तरुणाने तिथे जायला नकार दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने 6 विरुद्ध 3 असा सरकारच्या बाजूने कौल दिला. बहुमताचा निकाल आणि विरोधी निकालपत्रं समोरासमोर ठेवून मुलांकडून वाचून घ्या. विविधता हवी असणाऱ्यांना ती मिळेल, आणि कस हवा असणाऱ्यांना याहून कठीण काय हवंय?

म्हणून दुसऱ्या बाजूचं सगळंच गोड मानून घेतो असं नाही. कॅलिफोर्नियाने 2021 मध्ये एथ्निक स्टडीजचा, म्हणजे वेगवेगळ्या वांशिक समाजांच्या अभ्यासाचा, कायदा केला. 2030 साली हायस्कूल संपवणाऱ्यांना हा विषय सक्तीचा होणार होता. पण राज्य निधी देईल तरच सक्ती अशी अट कायद्यातच होती, आणि 2025-26 च्या अंदाजपत्रकात तो निधी आलाच नाही. आता ज्या शाळा तो स्वतःहून शिकवतात तिथे सगळं शिक्षकावर. ओळखीतल्या एका मुलाने आठवडाभर ‘माझी ओळख’ नावाचं चक्र रंगवलं: वंश, भाषा, लिंग, धर्म, प्रत्येकाला एक रंग. पूर्ण गुण मिळाले, वाचलं एकही पान नाही. याला मी विविधता म्हणणार नाही, चित्रकला म्हणेन.

आणि आपल्या मंडळींविषयी. इथे सहावीत प्राचीन भारत शिकवतात. 2016 मध्ये राज्याच्या अभ्यासक्रमाचा आराखडा ठरत होता, तेव्हा जातिव्यवस्थेबद्दल काय लिहावं यावरून हिंदू संघटना आणि दलित कार्यकर्ते राज्याच्या राजधानीत, सॅक्रामेंटोत, समोरासमोर आले. एकेका वाक्यावर रणं माजली. पण सहावीतला मुलगा अखेर पाठ्यपुस्तकातले ते मोजके परिच्छेद वाचून पुढच्या धड्याला जातो. जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांच्या मुक्ततेसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांना. डॉ. आंबेडकरांनी 1946 मध्ये अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहून निग्रोंनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली, आणि त्यांचं उत्तरही आलं. ही अर्पणपत्रिका आणि ही पत्रं दहावीच्या वर्गात वाचायला द्या, असं मराठी पालकांपैकी कुणी म्हटल्याचं माझ्या कानावर नाही. आम्हाला आमची बदनामी होते की नाही एवढंच बघायचं असतं.

राष्ट्रीय पातळीवरच्या 2022 च्या चाचणीत आठवीच्या फक्त 13 टक्के मुलांनी अमेरिकेच्या इतिहासात प्रावीण्याची पातळी गाठली. 2018 मध्ये हा आकडा 15 होता. पुस्तकांची यादी अमुक रंगाची आहे म्हणून हे झालं, असं दोन्ही बाजू आपापल्या सोयीने सांगतात. मला तरी साधा हिशेब दिसतो. हायस्कूलच्या शिक्षकाकडे साधारण पाच वर्ग, एकेका वर्गात तीसेक मुलं. प्रत्येकाचा एक निबंध दहा मिनिटांत तपासला तरी पंचवीस तास गेले, तेही शिकवणं सोडून. मग निबंधाच्या जागी गाळलेल्या जागा येतात आणि अख्ख्या पुस्तकाच्या जागी उतारा. समासात ‘परत वाच’ लिहायला वेळ असलेल्या बाई आम्हाला नशिबाने मिळाल्या.

त्या बैठकीत मी दोन मिनिटांत एवढंच विचारलं: वर्षाला किती पुस्तकं पूर्ण वाचून घेता, किती निबंध लिहून घेता, आणि ते तपासायला शिक्षकाला किती वेळ देता? अध्यक्षांनी प्रश्न नोंदवून घेतल्याचं सांगितलं. पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर पुन्हा लेखकांची यादीच आहे.

आपला,
एक पालक, कॅलिफोर्निया